पुण्याच्या नाकापासून पारलिंगी पुरुषांच्या शस्त्रक्रियेपर्यंत

१. जन्मतः स्त्री म्हणून नोंद झालेल्या पारलिंगी पुरुषांची शस्त्रक्रिया हे पाश्चात्त्य खूळ आहे, असे अनेकदा ऐकू येते. तिच्या इतिहासाचा एक धागा मात्र पुण्यातून निघतो.

२. टिपूच्या सैनिकांनी इंग्रज फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजीचे नाक कापले होते. १७९३ च्या सुमारास पुण्यात वीटकाम करणाऱ्या समाजातील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक घडविले. कातडी एका टोकाशी जोडलेली ठेवल्याने तिचा रक्तपुरवठा टिकला. १७९४ मध्ये ही हकिकत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली, १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी तीच रीत तेथे वापरली.

३. पहिल्या महायुद्धात हॅरोल्ड गिलीज यांनी याच तत्त्वावर, जोडलेल्या कातडीची नळी करून, जखमी सैनिकांचे चेहरे सांधले. १९४६ ते १९४९ या काळात त्याच तंत्राने त्यांनी मायकेल डिलन या पारलिंगी पुरुषासाठी पुरुषेंद्रिय घडविले. डिलन पुढे बौद्ध झाले, भारतात राहिले आणि १९६२ मध्ये डलहौसी येथे निवर्तले.

४. आज छातीची पुनर्रचना, गर्भाशय काढणे, इंद्रियरचना असे पर्याय आहेत. प्रत्येकाला ते सारेच हवे असतात असे नाही.

५. मे २०१८ मध्ये बीडचे पोलीस शिपाई ललित साळवे यांच्यावर मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात लिंगबदलाची पहिली शस्त्रक्रिया झाली. तत्पूर्वी रजेसाठी त्यांना उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. कौशल्य जुनेच होते. अडले होते ते परवानगीपाशी.