डेनिस तेन आणि त्याच्या आधीची ती मुलगी

१९ जुलै २०१८. कझाकस्तानातल्या अल्माटी शहरात भरदिवसा दोन चोर एका गाडीचे आरसे काढत होते. गाडीचा मालक आडवा गेला, तर त्यांनी त्याच्या मांडीत चाकू खुपसला. मोठी रक्तवाहिनी तुटली. काही तासांतच तो गेला. वय २५. दोन आरशांपायी!

डेनिस तेन हा फिगर स्केटर, म्हणजे बर्फावर नाचत, उड्या घेत, गिरक्या मारत खेळणारा. २०१४च्या सोची ऑलिम्पिकमध्ये त्याने कांस्यपदक मिळवलं. या खेळातलं कझाकस्तानचं ते पहिलंच ऑलिम्पिक पदक.

तो वंशाने कोरियन. जपान्यांविरुद्ध लढणारा मिन गुंग-हो हा त्याचा पूर्वज. १९३७ मध्ये स्तालिनने सोव्हिएत रशियाच्या पूर्व टोकाला राहणाऱ्या सुमारे १,७०,००० कोरियन लोकांना हेर ठरवून आगगाड्यांत कोंबलं आणि मध्य आशियात आणून टाकलं. गुन्हा एकच, चेहरा जपान्यांच्या जवळचा. संपूर्ण समाजाच्या निष्ठेवर संशय घेणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्याच लोकांचा हा मुलगा मुस्लिमबहुल कझाकस्तानचा झेंडा अंगावर घेऊन उभा राहिला, आणि कझाक लोकांनीही त्याला आपलाच मानला. तो गेल्यावर अल्माटीत हजारो माणसं अंत्यदर्शनाला लोटली. नुसती रडली नाहीत. आमच्या शहरात दिवसाढवळ्या असं होतं, मग पोलीस कशासाठी आहेत, असा जाब विचारू लागली. पोलीस खातं सुधारा ही मागणी त्यातूनच पुढे आली. मारेकऱ्यांना २०१९च्या जानेवारीत १८-१८ वर्षांची शिक्षा झाली.

तेनचे प्रशिक्षक अमेरिकेचे फ्रँक कॅरोल. इथे गोष्ट ५७ वर्षं मागे जाते. कॅरोल ज्यांच्याकडे शिकले त्या मॅरिबेल विन्सन ओवेन नऊ वेळा अमेरिकेच्या विजेत्या होत्या. त्यांची धाकटी मुलगी लॉरेन्स १६ व्या वर्षी अमेरिकेची विजेती झाली. १३ फेब्रुवारी १९६१ च्या 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या मुखपृष्ठावर तिचाच फोटो होता. अंक निघाला आणि दोनच दिवसांत, प्रागच्या जागतिक स्पर्धेला निघालेलं त्यांचं विमान ब्रुसेल्सजवळ कोसळलं. विमानातले सगळे ७२ जण गेले. लॉरेन्स, तिची आई, मोठी बहीण आणि अमेरिकेचा अख्खा स्केटिंग संघ. त्या वर्षी जागतिक स्पर्धाच रद्द झाली.

मॅरिबेलबाईंनी शिकवलेलं कॅरोल यांच्याकडे उरलं. २०१० पासून ते त्यांनी अल्माटीच्या एका पोराला दिलं. तो पोरगा २०१५ मध्ये थेट सोलमध्ये, पूर्वजांच्या भूमीत, फोर कॉन्टिनेंट्स स्पर्धा जिंकून गेला. तिथल्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि राष्ट्रगीत मात्र कझाकस्तानचं वाजलं.