वेण्णा तलावाची जन्मकथा

वैशाखाचे ऊन तापू लागले की पुण्यामुंबईच्या कित्येक कुटुंबांची पावले महाबळेश्वराकडे वळतात. पांचगणी मागे टाकून गाडी पुढे आली की झाडीतून वेण्णा तलावाचे पाणी चमकू लागते आणि मुलांची एकच गडबड उडते. नौकाविहार आणि काठावरची घोड्यांची रपेट यांवाचून तेथील सुट्टी पुरी होत नाही. हा तलाव डोंगराइतकाच जुना असावा, अशी पाहणाराची सहज समजूत होते. पण ती खरी नव्हे. पाणी निसर्गाचे खरे, परंतु ते येथे अडविले आहे मनुष्याने, आणि तेही १८४२ साली.

साडेचार हजार फूट उंचीचे हे पठार शतकानुशतके यात्रेकरूंचे होते. हवा पालटण्यासाठी येथे राहावे, ही कल्पना इंग्रजांची. १८२४ साली साताऱ्याच्या छावणीतील अधिकारी लॉडविक डोंगर चढून आला. पुढे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या मनात ही जागा भरली. पण ती होती सातारच्या छत्रपतींच्या मुलखात. तेव्हा १८२९ साली प्रतापसिंह महाराजांनी ही जागा कंपनी सरकारला दिली आणि तिच्या मोबदल्यात वाईकडील खंडाळा हे गाव घेतले. नव्या वस्तीला माल्कमपेठ असे नाव पडले.

जागा देणाऱ्या राजाला पुढे काय मिळाले? अवघ्या दहा वर्षांनी, १८३९ साली, कटाचा आरोप ठेवून त्याच कंपनी सरकारने त्यांना पदच्युत केले आणि काशीस पाठविले. गादीवर बसविले त्यांचे धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना. वेण्णा तलाव बांधविला तो या आप्पासाहेबांनी. वस्तीला पाण्याची सोय व्हावी, हा त्यातील हेतू.

हे काम चालले होते तेव्हा थोरले बंधू काशीस अटकेत दिवस कंठीत होते, आणि त्यांचे निष्ठावंत वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्ये त्यांच्यासाठी न्याय मागत दारोदार फिरत होते. भावाच्या पदच्युतीतून मिळालेल्या गादीवर बसून आप्पासाहेबांनी हे लोकोपयोगी काम केले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही.

कंपनीच्या मर्जीत राहिल्याने राज्य टिकेल, अशी त्यांची आशा असल्यास ती फोल ठरली. १८४७ साली प्रतापसिंह काशीस निवर्तले आणि १८४८ साली आप्पासाहेबही गेले. त्यांनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी नामंजूर केला आणि १८४९ साली सातारचे राज्य खालसा झाले. मर्जीतून उतरलेला भाऊ आणि मर्जीतला भाऊ, दोघांच्याही वारसांच्या हाती शेवटी सारखेच उरले.

आता मौज पाहा. महाबळेश्वरी ज्या टोकांवर आपण सूर्यास्त पाहावयास उभे राहतो, त्यांतील कित्येकांना इंग्रज अंमलदारांची नावे चिकटलेली आहेत. वर चढून आलेल्या लॉडविकचे टोक आहे. पण जागा देणाऱ्या आणि पाणी अडविणाऱ्या राजबंधूंचे नाव सुट्टीस आलेल्या किती जणांच्या कानावर पडते? तलावाला नाव आहे ते नदीचे. ती नदी तलावातून निघून लिंगमळ्याला कड्यावरून उडी घेते आणि साताऱ्याजवळ माहुलीस कृष्णेला मिळते. त्या संगमावर सातारच्या राजघराण्यातील समाध्या आहेत.

म्हणून पुढच्या सुट्टीत नाव पाण्यात लोटताना मुलांनी विचारले, की हा तलाव कोणी केला, तर त्यांना या दोन भावांची हकीकत अवश्य सांगावी. त्याने सुट्टीचा आनंद उणावणार नाही. मात्र ज्या पाण्यावर आपण घटकाभर विसावलो, त्यापाठीमागे एका राज्याचा अस्त होता, एवढे तरी त्यांच्या ध्यानात राहील.