वॉकरटन पाणी प्रकरण

वॉकरटन पाणी प्रकरण : मे 2000 मध्ये कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातील वॉकरटन या छोट्या गावात नळाच्या पाण्यातून पसरलेली साथ, तिची न्यायालयीन चौकशी आणि त्यातून घडलेले पेयजलविषयक कायदे. गावाची वस्ती सुमारे 5,000. त्यांपैकी आणि आसपासचे मिळून 2,300 हून अधिक लोक आजारी पडले, 7 जण दगावले. पाणी दूषित करणारे जंतू ओळखीचेच होते. ई-कोलाय ओ157:एच7 आणि कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या दोन्ही जंतूंना मारायला पुरेसे क्लोरीन बस्स होते. ते पडते आहे की नाही हे सांगणारी नोंदवही मात्र वर्षानुवर्षे खोटी लिहिली जात होती, आणि धोका कळल्यावरही ज्यांना तो कळवायला हवा होता त्यांच्यापर्यंत पोचला नाही.

वॉकरटन हे सॉगीन नदीकाठचे, ब्रूस कौंटीतील शेतीच्या मुलखातले गाव. पाणीपुरवठा विंधन विहिरींवर चालत असे. त्यांपैकी 5 क्रमांकाची विहीर 1978 मध्ये खोदली होती. ती उथळ होती; तिच्यात पाणी जेमतेम 5 ते 8 मीटर खोलीवरून येई. जमिनीवरची घाण तिच्यात उतरू शकते, ही सूचना खोदकामाच्या वेळच्या अहवालातच होती. 8 ते 12 मे 2000 या पाच दिवसांत 134 मिलिमीटर पाऊस झाला आणि शेजारच्या शेतातील शेणखतामधले जंतू भूजलात उतरले. त्या शेतकऱ्याने खत चांगल्या प्रथेप्रमाणेच टाकले होते, त्याचा दोष नाही, असे चौकशीने स्पष्ट नोंदवले. हे आवर्जून सांगायला हवे, कारण अशा वेळी गावाचे बोट आधी शेजाऱ्याकडे वळते.

पाण्यात क्लोरीन मिसळल्यावर 15 मिनिटांनी लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम शिल्लक राहिले पाहिजे, असे प्रांताचे मार्गदर्शन होते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ऑर्थोटोलिडीन (ओटी) द्रावणाचे थेंब टाकून पाण्याला पिवळा रंग येतो का ते पाहतो, ते याच शिल्लक क्लोरीनसाठी. वॉकरटनमध्ये बहुतेक दिवशी हे मोजलेच जात नसे. वहीत 0.5 किंवा 0.75 असा आकडा ठोकून दिला जाई, महिनोन्‌महिने तोच. पाऊस असो, उन्हाळा असो, आकडा हलत नाही ही गोष्टच तपासनिसाला खटकायला हवी होती. पाणीपुरवठ्याचे व्यवस्थापक आणि त्यांचे भाऊ या दोघांनाही परीक्षा न घेता केवळ अनुभवावर प्रमाणपत्रे मिळाली होती. विहिरीचे पाणी मुळातच शुद्ध आहे अशी त्यांची खात्री होती. बिनक्लोरीनचे पाणी ते स्वतःही पीत. लोकांना विष पाजावे असा त्यांचा हेतू नव्हता. पण त्यामुळे वहीतला खोटेपणा लहान ठरत नाही.

15 मे रोजी नमुने घेतले गेले. 17 तारखेला खासगी प्रयोगशाळेने ई-कोलाय सापडल्याचा निकाल फॅक्सने पाठवला, पण फक्त पाणीपुरवठा मंडळाला. प्रांताने 1996 मध्ये सरकारी प्रयोगशाळांतील ही तपासणी बंद केली होती, आणि खासगी प्रयोगशाळेने वाईट निकाल पर्यावरण मंत्रालयाला किंवा आरोग्य अधिकाऱ्याला कळवलाच पाहिजे, असे कायद्यात कुठेच नव्हते. साऱ्या प्रकरणाचे मर्म इथे आहे. एक कागद, एक फॅक्स, आणि तो ज्याने दडवायचे ठरवले त्याच्याच हाती.

18 मे पासून रक्ताचे जुलाब झालेली मुले रुग्णालयात येऊ लागली. 19 तारखेला आरोग्य विभागाने पाण्याबद्दल विचारले तेव्हा व्यवस्थापकाने पाणी ठीक असल्याचे सांगितले, आणि त्याच दिवशी वाहिन्या धुऊन जादा क्लोरीन सोडायला सुरुवात केली. अखेर आरोग्य विभागाने 21 मे रोजी दुपारी स्वतःहून ‘पाणी उकळून प्या’ असा इशारा दिला. तो प्रामुख्याने स्थानिक रेडिओवरून गेला. सुट्ट्यांचे दिवस होते, त्यामुळे अनेकांना तो त्या दिवशी कळलाच नाही. पहिला मृत्यू 22 मे रोजी झाला. 27 जणांना मूत्रपिंडे निकामी करणारा विकार जडला. इशारा उठवायला 5 डिसेंबर उजाडला.

न्यायमूर्ती डेनिस ओ’कॉनर यांच्या चौकशी आयोगाने 2002 मध्ये दोन भागांत अहवाल दिला. त्यात एकूण 121 शिफारशी होत्या. आयोगाचा निष्कर्ष नेमका आहे : 5 क्रमांकाच्या विहिरीवर क्लोरीन व गढूळपणा सतत मोजणारी यंत्रे असती, तर साथ टळली असती, आणि रोज हाताने जरी शिल्लक क्लोरीन खरे मोजले असते, तरी तिचा फैलाव बराच घटला असता. ठपका दोघा भावांवर थांबला नाही. 1998 च्या तपासणीत कमतरता दिसूनही मंत्रालयाने बंधनकारक आदेश काढला नव्हता, आणि अंदाजपत्रकातील कपातीने मंत्रालय लुळे पडले होते, हेही आयोगाने नोंदवले. 2004 मध्ये दोन्ही भावांनी गुन्हा कबूल केला. थोरल्याला, म्हणजे व्यवस्थापकाला, एक वर्ष तुरुंगवास, धाकट्याला नऊ महिने घरातच स्थानबद्धता झाली.

वाईट निकाल कळवणे ऑगस्ट 2000 मध्येच सक्तीचे झाले. पुढे 2002 चा सुरक्षित पेयजल कायदा आला. प्रयोगशाळांना परवाना आणि पाणीयंत्रणेच्या चालकांना प्रशिक्षण आवश्यक ठरले. आता निकाल बिघडला की आरोग्य अधिकारी व मंत्रालय यांना फोन करून प्रत्यक्ष माणसाशी बोलावे लागते, निरोप ठेवून भागत नाही. लेखी सूचना 24 तासांत. नगरपरिषदेवरही जबाबदारी आली : 31 डिसेंबर 2012 पासून देखरेख करणाऱ्या सदस्याने योग्य काळजी घेतली नाही तर तो वैयक्तिक दोषी धरला जाऊ शकतो. वॉकरटनमध्ये 2004 मध्ये चालकांच्या प्रशिक्षणासाठी शुद्ध जल केंद्र उभारले गेले.

वार्षिक अहवाल दर 28 फेब्रुवारीपर्यंत तयार व्हावा लागतो, आणि सारांश अहवाल 31 मार्चपर्यंत परिषदेपुढे जातो. 10,000 हून अधिक लोकांना पाणी पुरवणाऱ्या यंत्रणेला वार्षिक अहवाल इंटरनेटवर टाकावा लागतो. वॉकरटनएवढ्या गावांना ते बंधन नाही, पण मागेल त्या रहिवाशाला त्याची प्रत विनामूल्य मिळते.