फोन मराठीत ठेवला म्हणून बिल भरता येईना

मंडळी, परवा आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचं बिल एका ॲपवरून जाईना. रक्कम टाकली की 'चुकीची माहिती'. हेल्पलाईनवाला म्हणाला, "फोन इंग्रजीत करा." भाच्याने हिंदीत करून पाहिला, तर बिल गेलं! मराठीत परत आणला, पुन्हा अडलं. मी याच धंद्यातला, त्यामुळे मला लगेच तुर्कस्तान आठवलं.

१९२८ साली तुर्कांनी अरबी लिपी सोडून लॅटिन घेतली. त्यात 'आय' दोन केले, एक टिंबवाला आणि एक बिनटिंबाचा. दोघांचं कॅपिटल वेगळं, स्मॉल वेगळं. पुढे कॉम्प्युटर आले. सर्व्हरला 'इन्सर्ट' हा हुकूम कॅपिटलमध्ये आला काय, स्मॉलमध्ये आला काय, एकच मानायचा असतो. म्हणून प्रोग्रॅमर आधी सगळं स्मॉल करतो आणि मग ताडून बघतो. मशीनची भाषा तुर्की असेल तर कॅपिटल आयचा बिनटिंबाचा आय होतो, आणि हुकूम ओळखूच येत नाही. अमेरिकेत व्यवस्थित चालणारा प्रोग्रॅम इस्तंबूलमध्ये बंद! यावर उपाय म्हणून २००६ च्या जावा ६ मध्ये 'रूट' लोकेल आलं. म्हणजे ताडताना वापरणाऱ्याची भाषा बघायचीच नाही.

आपल्याकडे कॅपिटल-स्मॉलची भानगड नाही, मग आपण सुटलो? नाही ना. युनिकोडच्या सीएलडीआर नावाच्या माहितीसंचात मराठीचे अंक देवनागरी धरलेत आणि हिंदीचे इंग्रजी. (हे बरोबरच आहे, आपण ५०० असंच लिहितो.) प्रोग्रॅमरने भाषा न सांगता आकडा छापला की मराठी फोनमधून तो देवनागरीत निघतो. पलीकडचा सर्व्हर इंग्रजी अंकांची वाट बघत असतो. काकूंचं बिल तिथेच अडलं. अंक स्क्रीनवर देवनागरीत दाखवा की, पण सर्व्हरला पाठवताना रूटमध्ये पाठवा. एका ओळीचं काम आहे.

अक्षरांचंही तेच. युनिकोडची देवनागरी १९८८ च्या इस्कीवर बेतलेली. इस्कीवर चालणारं जिस्टचं काम आयआयटी कानपूरहून आपल्या पुण्यातल्या सी-डॅकमध्ये आलं, पण मराठीच्या खास गरजा मागाहून भरत गेल्या. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला आलं. तोवर लोक अ वर चंद्र देऊन लिहीत होते, आजही लिहितात. 'शेतकऱ्यांना' मधला अर्धा र सुद्धा दोन प्रकारे टाईप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण मशीनला दोन वेगळे शब्द. मग यादीत शोधलं की निम्मी नावं सापडत नाहीत, आणि आपल्याला वाटतं नाव उडालं.

२०१७ ला धायरी धरून ११ गावं महापालिकेत गेली. पावतीपुस्तकं मागे पडली, आता सगळं मोबाईलवर. अशा वेळी मराठीत फोन वापरणाऱ्याने भाषा बदलायची, हे मला पटत नाही. हेल्पलाईनवाल्याला मी हे सगळं लिहून पाठवलंय, उत्तर नाही.

तुमचं कुणाचं फोन मराठीत असताना असं अडलं असेल तर स्क्रीनशॉट टाका, एकत्र पाठवू. तोवर काकूंचा फोन हिंदीत आहे.