वाटणीचं गणित आणि ‘ऑल-इन’

काही वर्षांपूर्वी ईदला भाचा घरी आला होता. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. शीरखुर्मा संपवून मोबाइल पुढे करत म्हणाला, “मामू, पोकर म्हणजे जुगार नाही हो, गणित आहे.” नुसतं ‘हराम आहे’ म्हणून मी त्याला गप्प करू शकलो असतो. पण त्याचं बोलणं अर्धं खरं होतं. म्हणून मी त्याला या गणिताचा इतिहास सांगायला बसलो.

या गणिताची सुरुवात वाटणीच्या एका भांडणातून झाली. दोघांनी सारखे पैसे लावले आणि खेळ मध्येच थांबला, तर रक्कम कशी वाटायची? इटलीच्या लुका पाचोलीने १४९४ मध्ये सांगितलं, जिंकलेल्या डावांच्या प्रमाणात. पुढे तार्ताल्याने चूक दाखवली: एकच डाव होऊन खेळ थांबला, तर तो जिंकणारा सगळीच रक्कम नेईल!

उत्तर सापडलं १६५४ मध्ये, पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या पत्रव्यवहारात. पास्कलचं उदाहरण असं: प्रत्येकाचे ३२, एकूण ६४ नाणी. आधी तीन डाव जिंकेल त्याची रक्कम. एकाचे दोन डाव झालेत, दुसऱ्याचा एक. पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर त्याला ६४ मिळतील. हरला तर बरोबरी होऊन ३२. म्हणजे ३२ त्याचे नक्की. उरलेल्या ३२ वर दोघांचा सारखाच हक्क, म्हणून निम्मे. वाटणी ४८ आणि १६. झालेल्या डावांपेक्षा पुढच्या शक्यता मोजायच्या, हा नवा विचार होता. १६५७ मध्ये हॉलंडच्या हायगेन्सने त्यावर पुस्तिका लिहिली आणि ‘अपेक्षित मूल्य’ ही कल्पना रुजली.

भाच्याचं ‘ऑल-इन’ हेच. समजा मध्ये ६० रुपये आहेत आणि समोरच्याने उरलेले सगळे ४० लावले. आपण ४० घातले तर जिंकल्यावर १०० मिळतील, हरल्यावर ४० जातील. एका रंगाची चार पानं आपल्याकडे जमलीत, पाचवं आलं की जिंकलो. दोन पानं उघडायची असतील तर ते येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. हिशोब: ३५ वजा २६, म्हणजे सरासरी ९ रुपये फायदा. एकच पान उरलं असेल तर ४६ पैकी ९ पानं कामाची, आणि सरासरी साडेबारा रुपयांचा तोटा.

“तेच तर म्हणतोय!” भाचा खूश झाला.

मी म्हटलं, “थांब. ही सरासरी हजार डावांची. फायद्याच्या त्या डावातही शंभरातल्या पासष्ट वेळा तुझे ४० जाणार. आणि तेच तुझ्याजवळचे शेवटचे असतील तर?”

हायगेन्सच्या पुस्तिकेच्या शेवटी नेमकं हेच कोडं आहे. दोघांकडे बारा-बारा सोंगट्या, तीन फासे. १४ पडले की पहिल्याला एक सोंगटी, ११ पडले की दुसऱ्याला. १४ पडण्याचे प्रकार १५, ११ पडण्याचे २७. एकाचं सगळं संपेपर्यंत खेळले, तर दुसऱ्याची जिंकण्याची शक्यता पहिल्याच्या अकराशेपटीहून जास्त होते! एका फेकीत दुपटीहूनही कमी असलेला फरक शेवटी असा वाढतो. आणि ॲपवाला तर जवळजवळ प्रत्येक डावातून आपला वाटा आधीच काढून घेतो. त्याला हरायचंच नसतं.

कुरआनने (२:२१९) मैसिरमध्ये लोकांसाठी काही फायदे असल्याचं नाकारलेलं नाही. पण त्याचा गुन्हा फायद्याहून मोठा ठरवला आहे. जुने मुफस्सिर सांगतात, अरब बाणांनी उंटाच्या मांसाचे वाटे ठरवत आणि ते गरिबांना देत. इतका फायदा असूनही पारडं खालीच गेलं.

मनाई जुगाराला आहे, गणिताला नाही. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मीच्या बीजगणिताचा मोठा भाग वसीयत आणि वारसाहक्काच्या वाटणीवर आहे. वाटणी न्याय्य कशी करावी, हा प्रश्न तिथेही होता आणि पास्कलपुढेही. फरक इतकाच की वारसाहक्कात कुणाचा तरी हक्क पोचवायचा असतो; पोकरमध्ये दुसऱ्याचं खिसं रिकामं झाल्याशिवाय आपलं भरत नाही.

“खात्यात किती उरलेत?” मी विचारलं.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, “मामू, या महिन्याचे मेसचे पैसे द्यायचे राहिलेत. अम्मीला सांगू नका.”

पैसे मी दिले. अम्मीला मात्र त्याने स्वतःच सांगायचं, असं ठरलं.