क्लाउड इंजिनिअर आणि एआय: कमांड मिळाली, पण ती चालवायची का?

क्लाउड इंजिनिअर म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हर, स्टोरेज आणि नेटवर्कवर कंपनीची अ‍ॅप्स सुरळीत चालू ठेवणारी व्यक्ती. यासाठी लागणारी कमांड किंवा टेराफॉर्मचा कोड आता एआय काही सेकंदांत लिहून देतं. मग शिकायचं काय उरलं?

२८ फेब्रुवारी २०१७ ची घटना बघा. अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियात एडब्ल्यूएसच्या एस-थ्री या स्टोरेज सेवेची बिलिंग यंत्रणा संथ चालत होती. कारण शोधताना एका कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीनेच थोडे सर्व्हर काढण्याची कमांड दिली. त्यात एक माहिती चुकीची टाइप झाली आणि ठरवल्यापेक्षा बरेच जास्त सर्व्हर निघाले. एस-थ्रीच्या आणखी दोन उपयंत्रणा त्यांच्यावर अवलंबून होत्या. त्या पूर्णपणे रीस्टार्ट कराव्या लागल्या, आणि मोठ्या रीजनमध्ये असं कित्येक वर्षांत केलेलंच नव्हतं. सेवा पूर्ववत व्हायला चार तासांहून जास्त वेळ गेला. गंमत म्हणजे बिघाडाची माहिती देणारं स्टेटस पानही एस-थ्रीवर अवलंबून असल्याने सुरुवातीला तेच अपडेट करता येईना!

तेव्हा कमांड माणसाने दिली होती. आज कमांड एआयने दिली, तरी ‘हे काढलं तर आणखी काय पडेल?’ हा प्रश्न माणसालाच विचारावा लागतो. कारण कंपनीतली कोणती यंत्रणा कशावर उभी आहे, हे सांगितल्याशिवाय एआयला कळत नाही.

रोजचं उदाहरण ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ या एररचं. फक्त एररची ओळ चॅटमध्ये चिकटवली की बऱ्याचदा एस-थ्रीच्या परवानग्या वाढवण्याचा सल्ला मिळतो. पण फाइल एन्क्रिप्ट केलेली असेल आणि अडचण केएमएस किल्लीच्या परवानगीत असेल, तर एस-थ्रीची सगळी दारं उघडूनही फाइल वाचता येत नाही. बकेट पॉलिसीत स्पष्ट ‘डिनाय’ असेल तरीही तेच, कारण एडब्ल्यूएसमध्ये असा नकार कोणत्याही परवानगीला भारी पडतो. म्हणजे एरर तशीच राहते आणि सुरक्षा मात्र ढिली होते.

त्यापेक्षा एआयकडे शक्य ती कारणं आणि प्रत्येक कारण तपासण्याची फक्त वाचणारी, काहीही न बदलणारी कमांड मागावी. मग लॉग स्वतः वाचावेत. टेराफॉर्ममध्ये बदल लागू करण्याआधी ‘प्लॅन’ बघणं तर सक्तीचंच समजावं. तिथे ‘डिस्ट्रॉय’पुढे शून्याऐवजी दुसरा आकडा दिसला, तर काय उडणार आहे ते कळेपर्यंत पुढे जाऊ नये.

शिकणाऱ्यांनी सरावासाठी वेगळं अकाउंट ठेवावं, मुद्दाम एखादी परवानगी काढावी आणि एआयला विचारण्याआधी कारणाचा अंदाज लिहावा. त्या अकाउंटवर बजेट अलर्ट जरूर लावा. मात्र नुसता अलर्ट खर्च थांबवत नाही, फक्त कळवतो. सराव संपल्यावर सर्व्हर स्वतःच काढून टाकावे लागतात.