नदीच्या दोन्ही काठांवर नार्वे : देव इकडे आला, तीर्थ तिकडेच राहिलं

डिचोलीहून बसने नार्व्याला जायचं, फेरीधक्क्यावर उतरायचं आणि समोरच्या दिवाडी बेटावर जायचं. फेरी पाच-सात मिनिटांची, पायी जाणाऱ्याला फुकट. पलीकडे उतरल्यावर गावाचं नाव विचारलं तर उत्तर येतं, नार्वे. अलीकडेही नार्वे, पलीकडेही नार्वे. नवख्याला यात घोळ वाटतो, पण गोव्याचा बराचसा इतिहास याच घोळात आहे.

मूळ नार्वे बेटावरचं. तिथे सप्तकोटेश्वराचं देऊळ होतं आणि हा देव गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत. हे राजे आपल्या बिरुदावलीत आणि सोन्याच्या नाण्यांवर 'सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद लाभलेले' असं कोरून घेत. त्यांचं राजचिन्ह सिंह. तोच सिंह आज आपल्या कदंबा बसवर आहे. १९८० साली राज्याचं वाहतूक महामंडळ निघालं तेव्हा नाव आणि चिन्ह दोन्ही या घराण्याकडून घेतलं. आपण रोज त्या सिंहाखाली बसून पणजीला कामाला जातो, पण त्या राजांचा देव कुठे होता हे बसमधल्या दहाजणांना विचारा. दोघांना माहीत असलं तरी खूप.

चौदाव्या शतकात बहामनी फौजांनी देऊळ मोडलं. त्यानंतर गोवा विजयनगरकडे गेला आणि माधव मंत्र्याने लिंगाची पुन्हा स्थापना केली. दीडशे वर्षांनी, १५४० च्या सुमारास, पोर्तुगिजांनी तिसवाडीतली देवळं पाडायला घेतली त्यात हेही गेलं. परंपरा अशी सांगते की लिंग काही काळ विहिरीवर पाणी ओढण्याच्या कामी वापरलं जात होतं आणि तिथून भाविकांनी ते रात्री होडीतून नदीपार नेलं. अलीकडचा काठ तेव्हा पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर होता. त्या जागेचं जुनं नाव हिंदळे. देव आला आणि मागोमाग त्याच्या गावाचं नावही आलं. म्हणून आज दोन नार्वे.

पुढचा भाग आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराज या भागात आले आणि त्यांच्या आज्ञेने देवळाचं काम सुरू झालं. दारावरचा शिलालेख शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार ही तिथी देतो, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८. त्याच सुमाराला गोवे शहरात थोडे थोडे करून मावळे घुसवायचा बेत होता आणि तो व्हिसेरेईला कळल्यामुळे फसला, असं इतिहासकार सांगतात. शहर हाती आलं नाही, पण शहरासमोरच्या काठावर देऊळ उभं राहिलं. पोर्तुगीज राजधानीपासून इतक्या जवळ हे काम काढण्याला राजकीय अर्थ होताच. राज्य सरकारने याच देवळाचं जतनकाम करून फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं केलं. काम चांगलं झालंय. दीपमाळ, कौलारू छप्पर, आतले लाकडी खांब, सगळं बघण्यासारखं.

पण बहुतेक लोक इथूनच माघारी फिरतात. फेरी जवळच असते, तरी कोणी पलीकडे जात नाही. म्हणून हे लिहितोय.

पलीकडच्या नार्व्यात मूळ देवळाची जागा आणि कोटीतीर्थ, म्हणजे देवळाची जांभ्या दगडाची तळी, अजून आहे. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले १६२० च्या दशकात गोव्यात होता. त्याने लिहून ठेवलंय की ऑगस्टमध्ये हिंदू लोक मोठ्या संख्येने नार्व्याला येऊन पाण्यात स्नान करतात. म्हणजे देऊळ पाडून ऐंशी-एक वर्षं झाली होती तरी माणसं येतच होती. गोकुळाष्टमीला नार्व्याच्या पंचगंगेत आजही स्नान होतं. दगड पाडता येतो, तिथी कशी पाडणार?

बेटाच्या दुसऱ्या टोकाला पिएदादची टेकडी. तिथलं चर्च अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं, आराखड्याचं श्रेय आंतोनियो जुआंव द फ्रियश या गोमंतकीय धर्मगुरूकडे जातं. शेजारच्या कबरस्तानातल्या छोट्या चॅपेलात मान वर करून बघा. छताची दगडी नक्षी कदंबकाळातल्या देवळाची आहे. टेकडीवर पूर्वी गणपती होता, तो फिरत फिरत आज खांडोळ्यात आहे असं मानतात. त्या छताखाली आज मेणबत्त्या लागतात आणि ते छत टिकलंय ते त्यामुळेच, हेही लक्षात ठेवायला हवं.

इथे थोडं स्पष्ट बोलतो. २०२२ च्या अर्थसंकल्पात पोर्तुगीज काळात मोडलेल्या देवळांसाठी २० कोटी रुपये ठेवले गेले. तेव्हापासून दिवाडीचं नाव दर सहा महिन्यांनी वर येतं आणि मोबाइलवर भांडणं जुंपतात. भांडणाऱ्यांपैकी किती जण फेरीत चढलेत देव जाणे. माझं मत असं : आधी त्या जागेचं नीट उत्खनन करा, जे सापडेल त्याची नोंद करा, तळीची डागडुजी करा. नवं सिमेंटचं देऊळ घाईने उठवलं तर जमिनीखाली कदंबांचं जे काही उरलं असेल ते आपणच कायमचं पुरून टाकू. आणि बेटावरच्या ख्रिश्चन शेजाऱ्याला विचारात घेतल्याशिवाय काही करू नका. त्याचे पूर्वज याच गावचे गावकार, त्याच खाजनात राबलेले. ज्या बांधाने खारं पाणी अडवायचं आणि मानशीच्या दारातून भरती-ओहोटीचा हिशेब ठेवायचा, तो बांध धर्मांतराच्या आधीचा आहे आणि नंतरही दोघांनी मिळूनच राखला. बांध फुटला तर पाणी कोणाच्या शेतात शिरायचं ते विचारून शिरत नाही.

बेटावरची शांतताही फुकटात मिळालेली नाही. तिथे जायला पूल नाही. पूल हवा म्हणणारे आहेत : रात्री कोणी आजारी पडलं तर फेरीची वाट बघत धक्क्यावर बसण्यातली काळजी बाकीच्यांना कळायची नाही. पूल नको म्हणणारेही आहेत : पूल आला की मागून बिल्डर येईल. दोघांचंही खरं आहे. गंमत म्हणजे कोकण रेल्वे याच बेटावरून जाते. मुंबईची माणसं खिडकीतून हिरवी खाजनं बघत करमळीला पोचतात, पण बेटावर स्टेशन नाही. २०२३ मध्ये फेरीत दुचाकीला भाडं लावायची गोष्ट निघाली तेव्हा बेटावरची माणसं चवताळून उठली ती उगाच नाही. आपल्याला ती सहल असते, त्यांना तो रस्ता असतो.

कोणाला जायचं असेल तर सकाळी डिचोलीहून निघा. आधी अलीकडचं देऊळ, मग फेरी, पलीकडची तळी, तिथून पिएदाद. बेटावर बस मोजक्याच, त्यामुळे थोडं चालायची तयारी ठेवा, पाणी बरोबर घ्या. पिएदादच्या खालच्या धक्क्यावरून फेरी थेट जुन्या गोव्याला लागते, तिथून कदंबा पकडून परत. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बोंदेरां असतो, वाड्यांच्या हद्दीवरच्या जुन्या भांडणाचा झालेला सण. त्या दिवशी मजा खूप, पण फेरीला रांग इतकी की इतिहास बघायला वेळ उरत नाही.

आणि पंचायत, पुरातत्त्व खातं, आमदार, जे कोणी हे वाचत असतील त्यांना एकच साधी मागणी : गोकुळाष्टमीच्या आत पलीकडच्या धक्क्यावर कोटीतीर्थाची वाट दाखवणारा एक फलक लावा. मराठी, कोकणी, इंग्रजी, तिन्हीत. याला २० कोटी लागत नाहीत.